‘वॉच’ म्हणजे काय?

काही इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात कधी आले ते कुणाला सांगता येणार नाही. स्टेशन आले, तिकीट आले, डॉक्टर आला. तसाच ‘वॉच’ आला. बदलापूरच्या बाजारात फिरा. घड्याळाच्या दुकानावर पाटी दिसेल, ‘वॉच’. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत जा. प्रत्येक फाटकाशी खुर्ची टाकून एक माणूस बसलेला असेल, तो ‘वॉचमन’. उल्हासनगरच्या एखाद्या दुकानात मालक नोकराला सांगतो, ‘गिऱ्हाइकावर जरा वॉच ठेव’. आणि पावसाळ्यात हवामान खात्याचा पिवळा इशारा येतो, त्याचेही नाव ‘वॉच’.

आता घड्याळ कुठे, राखणदार कुठे आणि पाऊस कुठे! चौघांना एकच नाव कसे? हे आज आपण पाहू. इंग्रजी शिकण्यासाठी नव्हे. हा शब्द आता आपल्या अंगणात आला आहे आणि तो नीट न समजल्याने नुकसान होते, म्हणून पाहू.

प्रथम लिहिणे. ‘वा’ काढा. त्याच्या डोक्यावर अर्धा चंद्र द्या. झाला ‘वॉ’. पुढे ‘च’. हा अर्धचंद्र विसरू नका. तो विसरला की ‘वॉच’चे ‘वाच’ होते. आमच्या वर्गात एका आजींनी पाटीवर ‘वाचमन’ लिहिले आणि विचारले, “गुरुजी, ह्यो मानूस काय वाचतो?” सारा वर्ग हसला. पण आजींचा प्रश्न खोटा नव्हता. आपल्या मराठीत ‘वाचणे’ दोन प्रकारचे. पुस्तक वाचणे हे एक आणि जीव वाचणे हे दुसरे. पुढे पुराची गोष्ट येईल तेव्हा ही दोन्ही वाचणी जवळ जवळ आलेली तुम्हांला दिसतील.

आता अर्थाकडे वळू. डोळ्यांच्या कामाला इंग्रजीत तीन साधे शब्द आहेत. ‘सी’, ‘लुक’ आणि ‘वॉच’. तिन्हींचा अर्थ पाहणे असाच सांगतात, पण तिन्हींत फरक आहे. तो आपल्याला आपल्या मराठीवरून चटकन कळेल.

रस्त्याने चाललात, समोरून म्हैस आली. ती तुम्हांला दिसली. तुम्ही मुद्दाम काही केले नाही. हे ‘सी’. म्हैस चांगली दिसते म्हणून तुम्ही थांबलात, तिची शिंगे, कास न्याहाळलीत. हे ‘लुक’. आता ती म्हैस तुमची आहे, आज-उद्या विणार आहे. तुम्ही गोठ्यात बाज टाकून रात्रभर तिच्याजवळ पडलात, दर घटकेला उठून पाहिलेत. हे ‘वॉच’.

चुलीवरच्या दुधाचेही तसेच. घरची बाई लेकीला सांगते, “दुधाकडं बघ गं जरा.” ती पोरगी एकदा दुधाकडे बघते आणि खेळायला पळते. दूध उतू जाते. आई रागावते. पोरगी म्हणते, “बघितलं की मी!” तिने बघितले हे खरे, पण आईला ‘वॉच’ हवा होता. आपल्या मराठीत ‘बघ’ हा शब्द दोन्हीकडे चालतो, म्हणून ही गफलत होते. नेमके सांगायचे तर आपण म्हणतो, लक्ष ठेव, नजर ठेव, राखण कर, पाळत ठेव. पाहणे क्षणात होते. लक्ष ठेवायला वेळ द्यावा लागतो. ‘वॉच’मध्ये डोळ्यांच्या जोडीला वेळ आहे, आणि त्याहून अधिक म्हणजे जागेपणा आहे.

या शब्दाचे मूळच जागेपणात आहे. इंग्रजीत झोपेतून जागे होण्याला ‘वेक’ म्हणतात. ‘वेक’ आणि ‘वॉच’ हे एका घराण्यातले शब्द. फार जुन्या इंग्रजीत ‘वॉच’ म्हणजे झोप न घेता जागत बसणे एवढाच अर्थ होता.

आम्हांला याचे नवल वाटत नाही. कारण आपल्याकडेही अगदी असाच शब्द होता. गावाची राखण करणाऱ्याला आपले वाडवडील ‘जागल्या’ म्हणत. जागतो तो जागल्या. गाव झोपले की हा काठी आपटत गल्लीबोळांतून फिरे. इंग्रजांचा वॉचमन आणि आपला जागल्या हे शब्दाने सख्खे भाऊ आहेत. मात्र एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. गावची ही कामे आपल्याकडे जातीला बांधलेली होती. रात्र रात्र जागायचे, सरकारी कागद घेऊन उन्हातान्हात धावायचे, आणि बदल्यात थोडी वतनाची जमीन व दारोदारची भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या महार वतनाविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. पुढे १९५८ च्या कायद्याने अशी कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. हे फार आधी व्हायला हवे होते. एकाने जागायचे आणि बाकीच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवांत झोपायचे, ही वाटणी सरळ नव्हतीच.

शेतकऱ्यांना तर जागल सांगायला नको. आपल्या भागात भात पिकू लागले की डुकरे उतरतात. मग माळा बांधून रात्री शेतावर झोपायला जातात. झोपायला जातात असे म्हणायचे, पण तेथे झोप कोण घेतो? तो ‘वॉच’च.

आता घड्याळाकडे येऊ. रात्रभर एकच माणूस जागू शकत नाही. पाळ्या लावाव्या लागतात. पाळी लावायची तर वेळ मोजावी लागते. आपल्या पूर्वजांनी दिवस-रात्रीचे आठ भाग केले. प्रत्येक भाग तीन तासांचा. त्याचे नाव प्रहर. एका प्रहरापुरती राखण करायची, मग दुसऱ्याने यायचे. या प्रहरावरूनच ‘पहारा’ शब्द आला. पहारा करणारा तो पहारेकरी. म्हणजे आपल्या पहाऱ्याच्या पोटातही वेळ दडलेली आहे.

इंग्रजांचेही असेच झाले. जागण्याच्या पाळीला ते ‘वॉच’ म्हणू लागले. बोटीवर नोकरी करणारा कोणी तुमच्या ओळखीचा असेल तर विचारा. तेथे पाळीला आजही ‘वॉच’ म्हणतात आणि ती साधारणपणे चार तासांची असते. पुढे झोपलेल्याला गजर देऊन जागे करणारे यंत्र निघाले, त्यालाही ‘वॉच’ म्हणू लागले. यंत्र लहान होत होत खिशात आले, खिशातून मनगटावर आले, आणि नाव तेच राहिले. असा हा जागण्याचा शब्द घड्याळाला चिकटला. आपल्या ‘घड्याळ’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. पाण्याच्या घंगाळात भोक पाडलेली वाटी सोडत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. ही घटी किंवा घटिका, तिचे पुढे घड्याळ. लग्नाची घटका अशीच मोजत.

मनगटी घड्याळ पूर्वी श्रीमंतांचेच होते. परदेशी घड्याळ घ्यायचे म्हणजे मोठी रक्कम लागे. मग भारत सरकारच्या एच.एम.टी. कंपनीने १९६१ साली बंगळूरला, जपानच्या सिटिझन कंपनीची मदत घेऊन, घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यांच्या एका घड्याळाचे नावच ‘जनता’ होते. जावयाला लग्नात एच.एम.टी. देणे ही मोठी गोष्ट. कामगार निवृत्त झाला की त्याच्या हाती तेच. ही सरकारी घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. पण अनेक म्हाताऱ्या मनगटांवर ती घड्याळे अजून चालतात. रोज किल्ली मात्र द्यावी लागते.

वॉचमनविषयी थोडे. अंबरनाथला एके काळी विमकोचा काडेपेटीचा मोठा कारखाना होता. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी लष्कराची छावणी होते. फाळणीनंतर तेथे सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ साली उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील भागांना अजून ‘कॅम्प’ म्हणतात, कॅम्प नंबर १ पासून ५ पर्यंत. अशा गिरण्या-कारखान्यांच्या मुलखात वॉचमनचे काम पुष्कळ. आपल्या गावांतले कितीतरी लोक ते करतात. रेल्वेतही पूर्वी ‘वॉच ॲण्ड वॉर्ड’ नावाचे खाते होते. मालावर आणि मालगाडीवर नजर ठेवणे हे त्याचे काम. १९५७ च्या कायद्याने त्याच्या जागी रेल्वे सुरक्षा दल आले.

वॉचमनला लोक हलके लेखतात. नुसता बसून असतो, म्हणतात. आम्हांला हे पटत नाही. काही न घडता बारा तास जागे राहणे हे ओझी उचलण्याइतकेच अवघड आहे, करून पाहावे. महाराष्ट्रात १९८१ साली खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा झाला आणि त्यांची मंडळे स्थापन झाली. तुमच्या घरचा कोणी हे काम करीत असेल तर त्याने आपली नोंद कोणाकडे आहे, भविष्य निर्वाह निधी कापला जातो का, हे विचारून घ्यावे. कागद आता तुम्हांला वाचता येतो.

‘वॉच आउट’ असा एक जोडशब्द कारखान्यात ऐकू येतो. त्याचा अर्थ ‘बाहेर बघ’ नव्हे. त्याचा अर्थ ‘सांभाळ!’, ‘जपून!’. कोणी असे ओरडले की बाहेर डोकावू नका, चटकन बाजूला व्हा. वर क्रेनला ओझे लटकलेले असते. मोबाइलवरही ‘वॉच’ दिसतो. तेथे त्याचा अर्थ चित्रफीत पाहा, एवढाच. कोणी निरोप पाठवला की ‘व्हिडिओ वॉच करा आणि घरबसल्या पैसे कमवा’, तर तो पुसून टाका. पुढे तुमच्याकडूनच पैसे मागतात.

आता पावसाचा ‘वॉच’. याच्यासाठीच आम्ही हा धडा लिहायला घेतला.

हवामान खाते पावसाचा अंदाज चार रंगांत सांगते. हिरवा म्हणजे काही इशारा नाही. पिवळा, नारिंगी आणि लाल हे तीन इशाऱ्याचे. बातम्यांत तिन्हींना सरसकट ‘अलर्ट’ म्हणतात. यलो अलर्ट, ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट. पण खात्याच्या स्वतःच्या कोष्टकात या तीन रंगांना तीन वेगळे शब्द आहेत. पिवळ्यापुढे शब्द आहे ‘वॉच’. नारिंगीपुढे ‘अलर्ट’, म्हणजे तयारीत राहा. लालपुढे ‘वॉर्निंग’, म्हणजे आता हालचाल करा.

पुष्कळ लोक पिवळा रंग ऐकतात आणि म्हणतात, “पिवळाच हाय, काय होत न्हाई.” ते पोरीच्या दुधासारखे झाले. पिवळ्याचा अर्थ ‘काही होत नाही’ असा नाही. पिवळ्याचा अर्थ ‘वॉच’, म्हणजे लक्ष ठेवा, बातमी घेत राहा. सकाळी पिवळा होता तो दुपारी नारिंगी होऊ शकतो. हवामान खाते पुढच्या तीन तासांपुरताही अंदाज देते. तीन तास म्हणजे किती? एक प्रहर! पहाऱ्याचा जुना हिशेब येथेही जुळला. एकदा बातमी ऐकून झोपी जाऊ नये. प्रहरा-प्रहराने ऐकावी.

आपल्या भागात हे इतके का सांगावे लागते? कारण आपली उल्हास नदी. ती उगम पावते राजमाची-खंडाळ्याकडच्या घाटात. तेथून कर्जत, नेरळवरून बदलापूरला येते आणि पुढे कल्याणच्या खाडीकडे जाते. घाटात पाऊस कोसळतो तेव्हा बदलापूरला कदाचित ऊन असते. अंगणात ऊन पाहून माणूस निर्धास्त होतो. पण घाटातले पाणी वाटेवर निघालेले असते, ते काही तासांनी येऊन पोहोचते. त्यात खाडीला भरती असली तर पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगते. म्हणून येथे डोक्यावरच्या आभाळाकडे पाहून भागत नाही. कर्जतकडे काय चालले आहे त्यावर ‘वॉच’ ठेवावा लागतो. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी आणखी फसवी. ती लहान आहे, जवळच्याच डोंगरांतून येते, उल्हासनगरच्या दाट वस्तीतून जाते. तिला चढायला वेळ लागत नाही.

२६ जुलै २००५ हा दिवस येथील कोणी विसरणार नाही. त्या वेळी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. इकडे उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण येथे घराघरांत पाणी शिरले. माणसे गेली, जनावरे गेली, दप्तरे आणि रेशनकार्डे चिखल झाली.

चौदा वर्षांनी पुन्हा तीच तारीख आली. २६ जुलै २०१९ च्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईहून कोल्हापूरला निघाली. बदलापूर सोडून वांगणीकडे जाताना चामटोलीजवळ रुळांवर पाणी आले आणि गाडी उभी राहिली. काळोख, चारही बाजूंनी पाणी, आत हजारावर माणसे. त्यात म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, गरोदर बाया. उजाडल्यावर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान रबरी होड्या घेऊन आले, नौदलाचे लोक आले. आणि आजूबाजूच्या गावांतले लोक आले. कुठे पाणी खोल, कुठे बांध, कुठे पाय ठेवावा, हे त्यांना ठाऊक होते. २७ जुलैच्या दुपारपर्यंत सर्व प्रवासी सुखरूप बाहेर निघाले. गाडीतल्यांना आधी सांगितले होते, खाली उतरू नका, गाडीतच थांबा. त्यांनी ते ऐकले. काळोखात वाहत्या पाण्यात उतरले असते तर काय झाले असते, ते नदीकाठच्या माणसाला सांगायला नको.

रेल्वेची स्वतःची राखण असते, तीही येथे सांगून ठेवू. पावसाळ्यात रात्री रुळांवरून गस्तीची माणसे कंदील-बॅटरी घेऊन चालत जातात. जेथे दरड किंवा पाण्याचे भय जास्त, तेथे एका जागी वॉचमन बसवतात. पुलाच्या खांबांवर धोक्याच्या पातळीची खूण रंगवलेली असते. पाणी खुणेला लागले की तो गाडी थांबवण्याची व्यवस्था करतो. तुम्ही लोकलमध्ये झोपलेले असता तेव्हा हा माणूस पावसात जागत असतो.

नदीलाही अशा दोन खुणा ठरवून दिलेल्या आहेत. बदलापूरला उल्हास नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर आहे. हे आकडे पाठ करून टाका. पावसाळ्यात पातळीचा आकडा बातम्यांत येतो, मोबाइलवर येतो. आता तो तुम्हांला स्वतः वाचता येतो. दोन्हींत अंतर अवघे एक मीटर, म्हणजे दोन हातांहून थोडे अधिक. मोठ्या पावसात एवढे पाणी चढायला फार वेळ लागत नाही. तेव्हा साडेसोळा ऐकले की हेंद्रेपाडा, रमेशवाडी अशा सखल भागांतल्या लोकांनी गुरे सोडावीत, धान्य माळ्यावर टाकावे, कागदपत्रे पिशवीत बांधावीत. साडेसतराची वाट पाहत बसू नये. आणि सेल्फी काढायला पुलावर जाऊ नये. तो ‘लुक’ झाला, ‘वॉच’ नव्हे. मदत हवी असेल तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा फोन १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२.

आता पाटी घ्या. ‘वॉच’, ‘वॉचमन’, ‘पहारा’, ‘प्रहर’, ‘जागल्या’ हे शब्द एकाखाली एक लिहा. ‘प्रहर’मधला ‘प्र’ नीट काढा, त्याची तिरपी रेघ पायाशी येते. मग हे वाक्य पुरे करा: ‘पिवळा रंग म्हणजे …’. त्याखाली १६.५० आणि १७.५० हे आकडे लिहा व कोणता इशाऱ्याचा, कोणता धोक्याचा ते पुढे मांडा. शेवटी आपल्या घरापासून सर्वांत जवळची उंच, कोरडी जागा कोणती, शाळा की देऊळ की कोणाचा माडीचा वाडा, तिचे नाव लिहा. नावात जोडाक्षर आले आणि अडले, तर शेजारी बसलेल्याला विचारा.